पीजीच्या विद्यार्थ्यांसोबत हेल्थ-टेक डिझाइन प्रोजेक्ट : क्लिनिकच्या बाजूने सविस्तर रिव्ह्यू

मी फलटणला डायबेटिसचं क्लिनिक चालवते आणि त्यात एक छोटी पायांची खोली आहे, म्हणजे बधिर पायांची तपासणी, ड्रेसिंग, नखं कापणं, भोवरी खरवडणं, कुठली चप्पल घालायची ते सांगणं असं सगळं तिथे चालतं. मागच्या शैक्षणिक वर्षात एका मोठ्या संस्थेतल्या एम.डेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आणि एमटेकच्या विद्यार्थ्यांची टीम आमच्याकडे प्रोजेक्टसाठी होती. आता ओळखीतले बरेच डॉक्टर आणि फिजिओ विचारतात की आम्हीही असं करावं का, वेळ किती जातो, पैसे लागतात का, हाती काय येतं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. संस्थेचं नाव देत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या एकाच संस्थेच्या आहेत असं मला वाटत नाही, ज्या दोघातिघांनी दुसरीकडच्या मुलांबरोबर काम केलंय त्यांनीही साधारण हेच सांगितलं.

घाईत असाल तर एवढं वाचा : ५ पैकी ४ स्टार. तुमच्या पेशंटचा प्रश्न खोलात जाऊन समजून घ्यायला याच्यासारखी दुसरी सोय नाही. तयार मशीन हवं असेल तर मात्र हा पत्ता चुकीचा आहे. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये, चहा यायच्या आधी, एकच गोष्ट विचारा की ही मुलं पास होऊन गेल्यावर यातली कुठली वस्तू कोणाकडे राहणार आणि ती चालू कोण ठेवणार. आमच्या चारही स्टारचं आणि गेलेल्या एका स्टारचं कारण शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतं.

आधी हे चालतं कसं ते, कारण अनेकांना माहीतच नसतं की असं काही असतं. डिझाइनचं आणि बायोमेडिकलचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलांना खरा प्रश्न आणि खरी जागा लागते. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन स्कूल १९६९ पासून आहे, अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून, आणि वैद्यकीय उपकरणांसाठी खास म्हणून आयआयटी मुंबईत बेटिक हे केंद्र २०१४ मध्ये सुरू झालं, तिथे डॉक्टर आणि इंजिनियर एका टेबलावर बसून काम करतात. दिल्लीला एम्स आणि आयआयटीने मिळून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साथीने बायोडिझाइनचा, म्हणजे वैद्यकीय उपकरणं डिझाइन करायला शिकवणारा, कार्यक्रम चालवला. आता तर बऱ्याच इंजिनियरिंग कॉलेजांमध्ये, खाजगी डिझाइन स्कूलमध्येही असे प्रोजेक्ट होतात. तुम्ही एक पानभर तुमचा प्रश्न लिहून पाठवता, गाईडला, म्हणजे मुलांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना, आवडला तर टीम ठरते, मुलं तुमच्याकडे येऊन बसतात, बघतात, परत जातात, कल्पना काढतात, मॉडेल करून आणतात, पुन्हा बदलतात, आणि शेवटी ज्युरी किंवा व्हायव्हा होतो, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं. फी काही नसते. मॉडेलचं सामान संस्थेच्या खर्चाने येतं, निदान आमच्या बाबतीत तसं होतं. तुमचा खर्च म्हणजे वेळ, आणि तो वेळ फक्त डॉक्टरचा नाही, सिस्टरचा, मावशींचा, रिसेप्शनवरच्या मुलीचाही जातो हे धरून चाला.

बीईच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टवालेही यायचे पूर्वी. त्यांच्याबद्दल आकस नाही, पण त्यांना वेळ कमी असतो, परीक्षा डोक्यावर असतात, बाजारातून किट आणायचं आणि दिवा लागला की फोटो काढायचा इथपर्यंतच ते पोचतात. पीजीची मुलं वेगळी वाटली. त्यातली काही जण आधी नोकरी करून आलेली असतात, वय जरा जास्त असतं, आणि मुख्य म्हणजे गप्प बसून बघायला ती शिकलेली असतात किंवा शिकायची तयारी तरी असते.

आता आमचा प्रोजेक्ट. इथे जरा जास्त लिहिणार आहे कारण खरी किंमत इथेच आहे.

आमचा प्रश्न साधा होता. बधिर पायाच्या पेशंटला जखम झालेली कळत नाही. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक धागा, तळपायाला टेकवला, तो वाकला, तरी पेशंटला काही जाणवत नाही, म्हणजे त्या जागेचं संरक्षण गेलेलं असतं. मग चपलेतून वर आलेला खिळा असो, उसाच्या खोडक्याचं टोक असो, बाइकचा सायलेन्सर असो किंवा पाय शेकायला घेतलेलं कढत पाणी असो, घरच्यांना सॉक्सवर डाग दिसेपर्यंत, वास येईपर्यंत काही पत्ता नसतो. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा बऱ्याचदा हाडापर्यंत गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय गाईडलाइन सांगतात की सगळ्यात जास्त धोक्याच्या पेशंटचे पाय दर १ ते ३ महिन्यांनी तपासा, ते आम्ही करतो, पण दोन तपासण्यांच्या मध्ये घरी काय होतं तिथेच पाय जातात. तर लवकर कळायला काय करता येईल, एवढंच आम्ही लिहून दिलं होतं. उपाय लिहिला नव्हता. हे फार महत्त्वाचं आहे हो. अनेक डॉक्टर लिहून देतात की मला अमुक सेन्सरवालं तमुक अॅप बनवून द्या, मग मुलं बिचारी तेच बनवतात आणि प्रश्न बाजूला पडतो.

टीम पहिल्यांदा आली ती स्मार्ट इनसोल घेऊन आली, म्हणजे कागदावर. चपलेत किंवा बुटात घालायची गादी, त्यात प्रेशरचे सेन्सर, ब्लूटूथने मोबाइलला जोडलेली, जास्त दाब आला की मोबाइल वाजणार. परदेशात अशा वस्तू आहेत, त्यावर अभ्यासही आहेत, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं आधी चार घरं बघून या.

घरं बघून आल्यावर त्यांनी स्वतःच इनसोल बाजूला ठेवली. कारण आपल्याकडे चप्पल दारात निघते. घरातली बाई दिवसभर अनवाणी असते, ओट्यापाशी, न्हाणीत, अंगणात, गोठ्यात. पुरुष पारावर बसला की चप्पल काढतो, देवळात काढतो, कोणाच्या ओसरीवर चढताना काढतो. शेतात तर चिखल असेल तर कोण चप्पल घालून उतरतंय. आणि आमच्या फलटणवरून माऊलींची पालखी जाते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा रस्ता, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, आणि त्या वारीत आमचे डायबेटिसचे कितीतरी पेशंट चालतात, काही जण अनवाणी, कितीही सांगा. टीममधली एक मुलगी पालखीच्या वेळी मुक्काम करून होती, तळावर पाय दाबणाऱ्या, मलम लावणाऱ्या सेवेच्या तंबूत बसून तिने किती पाय बघितले असतील देव जाणे, आणि ती परत आल्यावर म्हणाली की मॅडम, चपलेत काहीही बसवलं तरी ज्या वेळी खरा धोका असतो नेमकी त्याच वेळी चप्पल पायात नसते. हे वाक्य मी इतकी वर्षं प्रॅक्टिस करून इतक्या स्पष्टपणे मांडलं नव्हतं. माहीत होतं, पण मांडलं नव्हतं.

मग आरसा. आम्ही सगळ्यांनाच सांगतो की रोज रात्री आरशात तळपाय बघा. मुलांनी घरोघरी जाऊन विचारलं नाही की बघता का, कारण त्याला सगळे हो म्हणतात, त्यांनी म्हटलं की आम्हाला करून दाखवा. तर गुडघे धरलेत, मांडी घालता येत नाही, पाय वळवता येत नाही, पोट मध्ये येतं. आरसा जमिनीवर ठेवला तर ट्यूबचा उजेड तिथे पोचत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्यांचे पाय बधिर झालेत त्यातल्या बऱ्याच जणांचे डोळेही डायबेटिसनेच अधू झालेत, आरसा समोर असून दिसत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी बघावं म्हटलं तर एका आजींनी सरळ सांगितलं की सुनेला रोज रोज पाय काय दाखवायचे, तिला तिची कामं नाहीत का. नातू बघतो, पण नातू शाळेत गेला, हॉस्टेलला गेला की बघणारं कोणी नाही. ही सगळी माहिती आमच्या केसपेपरवर कधीच नसते. आमच्या केसपेपरवर साखर किती, क्रिएटिनिन किती, नस लागते का, एवढंच असतं.

यातून ते तापमानाकडे वळले. जखम व्हायच्या आधी त्या जागेला आतून सूज येते आणि ती जागा गरम होते, आणि दोन्ही पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरला गाठायचं, हे जुनं आणि चांगलं अभ्यासलेलं ज्ञान आहे. हाताने पकडायच्या थर्मामीटरने रोज प्रत्येक पायाच्या ६ जागा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या अशी ती पद्धत, पण आमच्याकडे रोज १२ आकडे कोण लिहिणार, आणि वाकून मोजणार कोण. मुलांनी पाट बनवला. खराखुरा पाट, जेवायला बसतो तसाच पण जरा रुंद, त्यावर दोन पावलं कोरलेली, पावलांत अंगठा, चवड्याच्या तीन जागा, मधला भाग आणि टाच इथे सेन्सर. खुर्चीत बसायचं, पाय ठेवायचे, थोडा वेळ थांबायचं, फरक नसेल तर हिरवा दिवा, असेल तर लाल दिवा आणि बारीक आवाज, म्हणजे डोळे अधू असले तरी कळेल. मोबाइल नाही, अॅप नाही, काही टाइप करणं नाही. सिरियल बघताना पाय ठेवून बसा. पेशंटना तो इतका ओळखीचा वाटला की हे काय मशीन आहे असं कोणी विचारलंच नाही, सरळ पाय ठेवून बसले.

तो परिपूर्ण होता का, तर नाही, आणि मुलांनी तेही प्रामाणिकपणे ज्युरीत सांगितलं हे मला फार आवडलं. नुकतेच पाय धुतले असतील तर आकडे बदलतात. एक पाय उन्हात आणि एक सावलीत ठेवून बसलेला माणूस आला तर फरक येतो. शहाबादी फरशीवर पाट थंड पडतो म्हणून खाली फोम लावावा लागला. दोन्ही पायांना एकदम त्रास असेल तर फरकच दिसत नाही. आणि ज्याचा एक पाय आधीच कापलेला आहे, ज्याला या सगळ्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्याकडे तुलना करायला दुसरा पाय नाही. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या सिस्टरबद्दल लिहायलाच पाहिजे. पायांच्या खोलीच्या खऱ्या मालकीण त्या आहेत. मुलं सुरुवातीला माझ्याशीच बोलायची, मी डॉक्टर म्हणून, आणि इंग्रजी प्रश्नावली मराठी करून आणलेली होती, त्यात तुमच्या पायाबद्दल तुम्हाला कसं वाटतं वगैरे प्रश्न. त्याला प्रत्येक पेशंटचं उत्तर एकच, बरं हाय. सिस्टर म्हणाल्या ते कागद ठेवा बाजूला, आधी त्यांची चप्पल हातात घ्या. चप्पल कुठे झिजलीय, अंगठ्याचा ठसा किती खोल गेलाय, पट्टा कुठे घासतोय, आत खडा रुतलाय का, टाच एकाच बाजूला बसलीय का, त्यावरून माणूस कसा चालतो, कुठे भार टाकतो ते सगळं कळतं, आणि चपलेबद्दल विचारलं की माणूस मोकळा होतो, कुठे घेतली, किती दिवस झाले, कशाने तुटली. मुलांना डिझाइन स्कूलमध्ये निरीक्षण शिकवतात, पण हे निरीक्षण सिस्टरकडूनच मिळालं. त्यामुळे माझी प्रत्येक पार्टनरला आग्रहाची सूचना आहे की मुलांना डॉक्टरच्या केबिनमध्ये बसवू नका, जिथे हात लावून काम चालतं तिथे बसवा, आणि सिस्टरचं, ड्रेसरचं, टेक्निशियनचं नाव पोस्टरवर आणि रिपोर्टवर हवंच असं आधीच सांगा. आमच्या सिस्टरचं नाव पोस्टरवर आलं, त्या ज्युरीलाही गेल्या होत्या, आणि तिथल्या प्रोफेसरांच्या प्रश्नांना त्यांनीच जास्त उत्तरं दिली.

मुलांना मानसिक तयारी लागते हेही सांगते. उघडी जखम, कुजलेलं बोट, त्याचा वास, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. पहिलं ड्रेसिंग दुरून दाखवा, बाहेर जावंसं वाटलं तर न विचारता जा असं सांगून ठेवा, आणि हिपॅटायटिस बी ची लस झालीय का ते येण्याआधी विचारून घ्या कारण खोलीत ब्लेड आणि सुया असतात.

आता परवानग्या. हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. पेशंटचं निरीक्षण, मुलाखत, फोटो, काहीही करायचं म्हणजे आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची राष्ट्रीय परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित सांभाळलं जातंय का ते बघणाऱ्या समितीकडे, जायला लागतं. छोट्या क्लिनिककडे अशी कमिटी नसते, त्यामुळे संस्थेची किंवा एखाद्या मेडिकल कॉलेजची कमिटी लागते, आणि त्यात अर्धं सेमिस्टर सहज जाऊ शकतं, म्हणून प्रोजेक्ट ठरायच्या आधीच अर्ज तयार ठेवायला सांगा. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं. फोटोच्या बाबतीत आमच्याकडे एक गोष्ट लक्षात आली. मुलं म्हणाली चेहरा नाहीये, फक्त पाय आहेत, चिंता नाही. पण आमच्या गावात जोडव्यांवरून, गोंदणावरून, करंगळी नसण्यावरून माणूस ओळखू येतो. मग ते फोटो बदलले, जोडवी झाकली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, तो आहे म्हणून नाही तर पेशंटने विश्वासाने पाय पुढे केलाय म्हणून हे पाळायचं.

दुसरं म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या मॉडेलवरून पेशंटची ट्रीटमेंट ठरवायची नाही, अजिबात नाही. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ आहेत, उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, आणि नव्या उपकरणाची खरी चाचणी पेशंटवर घ्यायची तर त्याची वेगळी परवानगी प्रक्रिया आहे. आम्ही पाट फक्त वापरायला जमतो का, बसता येतं का, दिवा कळतो का एवढंच बघितलं. लाल दिवा लागला तरी तपासणी सिस्टरने नेहमीसारखी हातानेच केली.

पेटंटचं थोडक्यात. प्रदर्शनात किंवा पोस्टरवर कल्पना जाहीर करायच्या आधी निदान प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. शोधक म्हणून कोणाकोणाची नावं, मालकी कोणाची, हे करारात असू द्या. आम्ही एकच गोष्ट मागितली होती की पुढे काहीही झालं तरी आमच्या क्लिनिकमध्ये आमच्या पेशंटसाठी ही वस्तू वापरायला आम्हाला पैसे द्यावे लागू नयेत. ते त्यांनी आनंदाने लिहून दिलं.

आणि आता तो गेलेला स्टार. ज्युरी झाली, मार्क चांगले मिळाले, सगळ्यांनी फोटो काढले, मुलं पास झाली, एक बंगळुरूला, एक परदेशात, एक पुण्यातच नोकरीला. पाट संस्थेच्या लॅबमध्ये कपाटात. आम्ही विचारलं की आमच्याकडे एक नमुना द्या, तर म्हणाले तो डिपार्टमेंटची मालमत्ता आहे, दुसरा बनवून देऊ. दुसरा बनवायला ड्रॉइंग आणि कोड लागतो, कोड ज्या मुलाने लिहिला त्याचं कॉलेजचं अकाउंट पास झाल्यावर बंद झालं, आणि ड्राइव्ह त्याच अकाउंटवर होता. त्याने स्वतःच्या लॅपटॉपमधून जमेल तेवढं पाठवलं, त्याचा दोष नाही, पण सर्किटची शेवटची सुधारलेली आवृत्ती कुठे गेली ते आजही कोणाला सांगता येत नाही. पुढच्या बॅचला गाईडने दुसराच विषय दिला कारण नवीन विषय हवा असतो. आमचे पेशंट अजून विचारतात, तो पाट कधी येणार. या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. पेशंटने वेळ दिला, घरात घेतलं, चहा पाजला, पाय दाखवले, त्यांच्या दृष्टीने हे काही सेमिस्टरचं काम नव्हतं.

हे संस्थांना सुधारता येण्यासारखं आहे म्हणूनच इतकं लिहितेय. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून चांगल्या वस्तू बाहेर आल्यात. एम्ब्रेस नावाचं नवजात बाळांना उबदार ठेवणारं पांघरूण स्टॅनफर्डच्या एका कोर्समधूनच निघालं, २००७ मध्ये मुलांना स्वस्त इनक्युबेटर करायचं काम होतं, ती नेपाळला गेली आणि त्यांना कळलं की हॉस्पिटलमधले इनक्युबेटर रिकामे पडलेत कारण बाळं गावात घरी जन्मतात, मग विजेशिवाय ऊब धरून ठेवणारी पिशवी आली. पण ती वस्तू बाळांपर्यंत पोचली कारण त्याच मुलांनी पुढे कंपनी काढली, भारतात येऊन राहिली आणि वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. बेटिकमधूनही अशा कंपन्या निघाल्या, स्टेथोस्कोपला जोडायचं डिजिटल उपकरण बनवणारी आयु डिव्हायसेस त्यातलीच. म्हणजे कोर्सनंतर कोणीतरी ती वस्तू आपली म्हणून धरायला लागते. पैशाच्या सोयी आहेत, सरकारच्या प्रयास योजनेत नमुना बनवायला १० लाखांपर्यंत, बायरॅक या सरकारी संस्थेच्या बिग नावाच्या अनुदानात ५० लाखांपर्यंत मिळतात, पण अर्ज करणारा माणूस लागतो आणि आमच्या टीममधल्या प्रत्येकावर शैक्षणिक कर्ज होतं, त्यांना नोकरी घ्यावीच लागली. हे मी त्यांच्यावर ढकलणार नाही. संस्थेने एखादा प्रोजेक्ट इंजिनियर पगारावर ठेवला, जो बॅच बदलली तरी राहील, ड्रॉइंग सांभाळेल, क्लिनिकशी बोलत राहील, तर निम्मा प्रश्न सुटेल.

मग ४ स्टार कशाचे, असं कोणी विचारेल. आमच्याकडे जे राहिलं त्याचे. मुलांनी पाटाच्या आधी एक साधी खुर्ची बनवली होती, पाय ठेवायला तिरका टेका, खाली मोठा आरसा आणि आरशाच्या कडेला एलईडीची पट्टी, गावातल्याच सुताराकडून करून घेतलेली. ती आजही पायांच्या खोलीत रोज वापरात आहे, पेशंटला वाट बघताना त्यात बसवतो, स्वतःचा तळपाय पहिल्यांदा बघून लोक दचकतात, आणि बिघडली तर सुतार दुरुस्त करतो. केसपेपरला एक पान वाढलं, त्यात चप्पल कुठे कुठे काढता, घरात पाय कोण बघतं, डोळ्याला किती दिसतं, वारीला जाता का, असे प्रश्न आहेत, सगळे मुलांच्या घरभेटींतून आलेले. वारीच्या आधी आता आम्ही पायांचा वेगळा कॅम्प घेतो, एमसीआरच्या (बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या) चपला आधीपासून घालून सवय करायला लावतो, म्हणजे चालताना नवीन चप्पल चावत नाही. आणि सिस्टरचा एक बदल, त्या आता नवीन पेशंटला आधी कॉटवर झोपायला सांगत नाहीत, दारापासून चालत येताना बघतात.

माझ्या मते ज्यांच्याकडे रोजच्या कामात एक ठरावीक प्रश्न परत परत येतो, ज्यांचा स्टाफ बोलका आहे आणि आठवड्यातला एक कमी गर्दीचा दिवस देता येतो, त्यांनी हे जरूर करावं. फिजिओ सेंटर, डायलिसिस युनिट, प्रसूतिगृह, वृद्धाश्रम, रक्तपेढी, सगळीकडे प्रश्न पडलेले आहेत. बाजाराच्या दिवशी मुलांना बोलवू नका, ओपीडी तुंबते आणि त्यांना काहीच बघायला मिळत नाही. ज्यांना सहा महिन्यांत विकत घेता येईल असं मशीन हवंय त्यांनी कंपनीकडे जावं, मुलांकडे नको. आणि ज्यांना फक्त भिंतीवर लावायला आयआयटीबरोबरचा फोटो हवाय त्यांनी तर पेशंटचा वेळ घेऊच नये.

यंदा दुसऱ्या एका कॉलेजची टीम येतेय. या वेळी करारात लिहून घेतलंय की ड्रॉइंग, कोड आणि सामानाची यादी संस्थेच्या कायमच्या अकाउंटवर आणि एक प्रत आमच्याकडे, चालू नमुना व्हायव्हानंतर क्लिनिकमध्ये, आणि गाईड एक वर्ष फोनवर उपलब्ध. गाईडने आधी जरा नकारार्थी मान हलवली, मग सही केली. प्रश्न त्यांना तोच दिलाय जो मागच्या टीमकडून सुटला नव्हता, एकच पाय उरलेल्या माणसाचा पाय घरी कसा तपासायचा. सिस्टरनी त्यासाठी चार पेशंटशी बोलून ठेवलंय, चौघेही तयार आहेत, त्यातले एक काका तर म्हणाले की मुलांना म्हणावं आधी माझी चप्पल बघा.